छायेचे काय झाले?

१

पदव्युत्तर वर्गात पात्रचित्रणाचा विषय निघाला की एल. सी. नाइट्स यांच्या निबंधाचा उल्लेख मी न चुकता करतो. ‘लेडी मॅक्बेथला मुले किती?’ हे त्याचे शीर्षक आणि १९३३ हे त्याचे प्रकाशनवर्ष. शीर्षकातला प्रश्न गंभीरपणे विचारलेला नाही. नाटकातील पात्रांना हाडामांसाची माणसे समजून त्यांच्या संहितेबाहेरच्या आयुष्याची चौकशी करणाऱ्या, ब्रॅडलीच्या वळणाच्या समीक्षेची ती थट्टा आहे. पात्र म्हणजे शब्दांची रचना. संहिता संपली की पात्रही संपते. पडदा पडल्यावर त्याचे पुढे काय झाले हे विचारण्यात अर्थ नाही, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. विद्यार्थी हसतात आणि टिपणात उतरवून घेतात. हे मी आजही सांगतो. परंतु २०१६ नंतर ते सांगताना माझा आवाज पूर्वीइतका ठाम राहत नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नेमका तसलाच प्रश्न माझ्या आत्याने मला विचारला होता, आणि त्याला दिलेले माझे उत्तर शास्त्रदृष्ट्या अचूक असूनही चुकीचे होते, असे मला हळूहळू वाटू लागले आहे. प्रस्तुत लेखन हा त्या चुकीचा शोध आहे.

प्रश्न एका दूरचित्रवाणी मालिकेविषयी होता. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठी वाहिनीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाली. रात्री साडेदहाला ती लागे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी गावचा वाडा, वाड्यातले नाईक कुटुंब, घरचा कर्ता पुरुष अण्णा नाईक याचा मृत्यू, त्यानिमित्ताने एकत्र आलेली मुले-सुना, आणि मग एकामागून एक घडणारे, उलगडा न होणारे प्रकार, असा तिचा आरंभ. मुंबईत राहणारा माधव आणि त्याची विज्ञाननिष्ठ बायको नीलिमा, गावी राहून शेती पाहणारा दत्ता आणि त्याची धोरणी बायको सरिता, लग्न खोळंबलेला धाकटा अभिराम आणि त्याची देविका, विधवा होऊन माहेरी राहिलेली मुलगी छाया, या सगळ्यांना सांभाळणारी माई, विसराळू गडी पांडू, आणि अण्णांची शेवंतेपासून झालेली, वाटा मागायला उभी राहणारी सुशल्या. एवढी माणसे एका घरात कोंडलेली आणि त्यांच्यावर अण्णांची सावली. मालवणी बोली इतक्या मोठ्या प्रमाणावर रोजच्या मालिकेत येण्याचेही त्या काळी अप्रूप होते.

मी भोरला राहतो आणि अध्यापनासाठी रोज पुण्याला जातो. भोरकरांना वाड्याचे अप्रूप नाही. १८६९ साली बांधलेला पंतसचिवांचा राजवाडा गावातच उभा आहे. तिथे चित्रपटांची चित्रीकरणे होत आली आहेत आणि गर्दीत उभे राहून एका दिवसाची मजुरी घेतलेली माणसे आमच्या गल्लीत सहज सापडतात. त्यांतला कोणी चित्रपट पाहायला बसला की नायकाकडे त्याचे लक्षच नसते. डाव्या बाजूच्या तिसऱ्या रांगेत तो स्वतःला शोधत असतो. कोकणही आम्हाला परके नाही. आमचे मूळ गाव हिरडस मावळात, वरंध घाटाच्या वाटेवर. घाट उतरला की महाड. आमच्याकडच्या कित्येक घरांत घाटाखालून सुना आल्या आणि त्यांच्याबरोबर घाटाखालची भुतेही आली. वेल्ह्याकडे तर तोरण्यावरच्या मेंगाईच्या देवळात रात्री मुक्काम करू नये, तिथे ब्रह्मपिशाच आहे, असे गडावर येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगितले जाते. तेव्हा अशा मालिकेसाठी आमच्या भागातला प्रेक्षक आधीपासून तयारच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

२

सकाळच्या भोर–स्वारगेट गाडीत आम्हा नेहमीच्या प्रवाशांचा एक गट होता. कापूरहोळपर्यंत पेंग, आणि तिथून पुढे आदल्या रात्रीच्या भागाची चर्चा. साहित्यसंस्थांच्या चर्चासत्रांत मी पुष्कळ बसलो आहे. परंतु पात्रांना लेखकाकडून न्याय मिळतो की नाही, या एका प्रश्नावर इतक्या तळमळीने भांडणारी माणसे मी तिथे क्वचितच पाहिली.

बँकेत काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे असे की मालिका अण्णांची आहे आणि बाकी सगळे अण्णांच्या कर्माची फळे भोगण्यासाठी आहेत. रामायणात प्रत्येक वानराची हकिगत सांगत बसले तर लंका कधी जळायची, असा त्यांचा बिनतोड सवाल असे. याला पहिला विरोध कुडाळकडच्या, पुण्यातील एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या बाईंचा. मालिका सुरू होताच कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते असे आक्षेप जाहीरपणे घेतले गेले होते. या बाईंचा आक्षेप मात्र त्याहून बारीक होता. भुते दाखवली याचे त्यांना काही वाटत नव्हते. ‘‘आमच्याकडे भुतं आहेतच,’’ त्या म्हणत, ‘‘पण आमच्याकडचा गडी नुसता हसवायला नसतो.’’ पांडूचे ‘इसारलंय’ तेव्हा साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले होते. बाईंना वाटे की घरातले सगळे पाहिलेला, सगळे ठाऊक असलेला माणूस विसराळू करून ठेवणे ही लेखकाने स्वतःची केलेली सोय आहे. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेच्या लेखनातही आहेत, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग तर त्याला आठवायलाच पाहिजे होतं.’’ निवेदकाच्या विश्वासार्हतेवर मी बरेच वाचले आहे. या वाक्यात जे आहे ते त्या वाचनात मला आढळले नव्हते.

तिसरा पक्ष नीलिमेचा होता. नसरापूर फाट्यावर वेल्ह्याकडची एक विद्यार्थिनी गाडीत चढे. ती विज्ञान शाखेची. भुताखेतांच्या त्या घरात ‘याला पुरावा काय?’ असे विचारणारी एकच बाई आहे आणि ती सून आहे, याचा तिला केवढा अभिमान! पहिल्या पर्वाच्या शेवटी संशयाचा काटा नीलिमेवर येऊन थांबला, तेव्हा ती मुलगी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. घरात जी डोके चालवते तीच शेवटी दोषी ठरायची, हा तिच्या मते केवळ कथेचा शेवट नव्हता. तो तिला आणि तिच्यासारख्या मुलींना दिलेला दम होता. बँकेतल्या गृहस्थांनी रहस्यकथेचा नियम सांगितला, ज्याच्यावर संशय येत नाही तोच गुन्हेगार निघायचा. ती म्हणाली, ‘‘नियम कुणाला लावायचा ते तर लेखकच ठरवतो ना?’’

या वादांकडे पाहण्याची एक रूढ विद्यापीठीय पद्धत आहे. हेन्री जेन्किन्स यांनी ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या १९९२ सालच्या ग्रंथात दूरचित्रवाणीच्या चाहत्यांना परक्या रानात शिरून शिकार करणाऱ्यांची उपमा दिली. मालकी निर्मात्याची, परंतु अर्थ मात्र चाहता लुटून नेतो. ही उपमा उद्बोधक असली तरी आमच्या गाडीतल्या माणसांना ती नीटशी लागू पडत नाही. ती काही लुटून नेत नव्हती. ती हिशेब मागत होती. अमुक पात्राला तुम्ही घरात आणलेत, महिनोन्महिने रोज रात्री आमच्यापुढे बसवलेत, आता त्याचे काय ते सांगा, असा तो तगादा होता. वारसाने किंवा वारसाच्या बाजूने बोलणाऱ्याने करावा तसा.

३

या तगाद्याचा विचार आपल्या परंपरेतील परिभाषेत करता येतो. दशरूपककार धनंजयाने कथावस्तूचे आधिकारिक आणि प्रासंगिक असे दोन भाग पाडले. अधिकार म्हणजे फळावरचे स्वामित्व. ज्याच्याकडे ते आहे त्याची कथा आधिकारिक. प्रासंगिक वृत्त दुसऱ्याच्या कार्यासाठी येते. त्यातही जे लांबवर सोबत करते ती पताका आणि जे थोडक्यात आटोपते ती प्रकरी. सुग्रीवाचा वृत्तान्त हे पताकेचे नेहमीचे उदाहरण. साहित्यदर्पणकार विश्वनाथ यापुढे जाऊन स्पष्टच सांगतो की पताकेच्या किंवा प्रकरीच्या नायकाला स्वतःचे असे निराळे फळ नसते. मराठीच्या अध्यापकाला ही व्याख्या पाठ असते. फळ, अधिकार, स्वामित्व हे शब्द नाट्यशास्त्राच्या चर्चेत आपण इतके गुळगुळीत करून टाकले आहेत की त्यांचा शेतजमिनीशी काही संबंध असेल असे मनातही येत नाही.

पाश्चात्त्य समीक्षेतही हा विषय अलीकडे निराळ्या रीतीने मांडला गेला. अ‍ॅलेक्स वोलॉक यांच्या ‘द वन व्हर्सेस द मेनी’ या २००३ सालच्या ग्रंथाचे सूत्र असे की कादंबरीतील लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे आणि पात्रे तिच्यातील आपापल्या वाट्यासाठी एकमेकांशी झगडत असतात. एकाला खोली द्यायची तर दुसऱ्याचा संकोच करावा लागतो. म्हणजे गौण पात्र जन्मतः गौण नसते. त्याला गौण केले जाते आणि त्या करण्याच्या खुणा संहितेत राहतात.

या दृष्टीने पाहिले असता ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वातील एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताची जी व्याख्या केली तिच्या केंद्रस्थानी साशंकता आहे. घडते आहे ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हा निर्णय लांबत राहतो तोवरच अद्भुत टिकते. पहिल्या पर्वाने हा निर्णय आठ महिने लांबवला. या काळात घरातील प्रत्येक माणूस संशयित होता. सरिता सोन्यासाठी, दत्ता जमिनीसाठी, सुशल्या वाट्यासाठी, छाया मनात साठलेल्या कडवटपणापायी. कोणीही काहीही केलेले असू शकत होते. आणि संशयिताकडे दुर्लक्ष करता येत नाही. छाया नुसती खिडकीशी उभी राहिली तरी प्रेक्षक सावरून बसे. तिच्या गप्प राहण्याला अर्थ होता. त्या घरात समान वागणूक देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे संशय. माईच्या मायेनेही जे साधले नव्हते ते संशयाने साधले होते. प्रत्येकाला पूर्ण माणूस म्हणून पाहिले जात होते, कारण प्रत्येकजण खुनी असण्याची शक्यता होती.

उलगडा झाला आणि हे संपले. गुन्हेगार सापडल्यावर बाकीचे निर्दोष ठरले, आणि निर्दोष ठरताच बिनमहत्त्वाचे ठरले. रहस्यकथेच्या तंत्रात हे अटळ आहे. परंतु ज्यांनी आठ महिने प्रत्येकाच्या हालचालीवर डोळा ठेवला होता त्या प्रेक्षकांना ही फसवणूक वाटली, यात नवल नाही. त्यांचे लक्ष त्यांनी नऊ-दहा माणसांत वाटले होते. हिशेब मात्र एकाच नावावर बंद झाला.

याच्याशेजारी ‘वाडा चिरेबंदी’ ठेवून पाहावा. महेश एलकुंचवारांचे हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. आरंभ तोच आहे: वडील गेले आहेत, मुंबईचा मुलगा आणि सून विदर्भातल्या वाड्यावर आली आहेत, दिवस व्हायचे आहेत, वाटणीचा विषय हवेत आहे. घरात अविवाहित मुलगी प्रभा आहे. तिला शिकायचे होते आणि शिकू दिले गेले नाही. एलकुंचवारांकडे खून नाही, भूत नाही. प्रभेच्या नशिबाला ते कलाटणीही देत नाहीत. परंतु तिला काही मिळणार नाही हे नाटकाला माहीत असते आणि प्रेक्षकालाही ते माहीत करून दिले जाते. गौणत्व दूर होत नाही, दिसते. मला वाटते, आमच्या गाडीतली माणसे एवढेच मागत होती. प्रत्येक पात्राचे कल्याण व्हावे असे कोणाचेच म्हणणे नव्हते. त्याचे काय झाले ते आम्हाला दिसू द्या, एवढेच.

दैनंदिन मालिकेच्या अडचणी मी जाणतो. तिची संहिता पूर्ण होऊन समोर येत नाही. ती चित्रीकरणाबरोबर लिहिली जाते आणि दर आठवड्याच्या आकड्यांनुसार वाकते. ‘बार्क’ या संस्थेने २०१५ पासून प्रेक्षकसंख्येची मोजणी हाती घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण प्रेक्षकही त्या मोजणीत आला. म्हणजे ही मालिका सुरू झाली तेव्हा खेड्यातला प्रेक्षक नुकताच हिशेबात येऊ लागला होता. परंतु आकडा किती जणांनी पाहिले ते सांगतो. कोणाकडे पाहिले ते सांगत नाही. आमच्या घरात जी पाहत होती ती अण्णांकडे पाहतच नव्हती.

४

आत्या २०१३ पासून भोरला आमच्याकडे होती. लग्नानंतर चार वर्षांत विधवा झाली, मूलबाळ नव्हते, सासरी कोणी ठेवून घेतले नाही. माहेरी परतली आणि हिरडस मावळातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत चाळीसहून अधिक वर्षे राहिली. भाताची लावणी, गुरे, आम्हा पुतण्यांची आजारपणे, आजीचे अखेरचे अंथरूण, हे सगळे तिने केले. आमच्या घराण्याची हकिगत कोणी लिहिली तर ती आजोबांची होईल, वडिलांची होईल, शिकून डॉक्टरेट मिळवल्यामुळे कदाचित माझीही होईल. आत्या त्यात प्रकरी म्हणून येईल. ‘पुढे आत्याने सांभाळ केला’ एवढे एक वाक्य.

ती मालिका एकाग्रपणे पाही. चौथीपर्यंत शिकलेली, मालवणी तिला पूर्ण कळत नसे, परंतु छाया पडद्यावर आली की ती हातातले निवडणे थांबवी. ‘‘बघ कशी कोपऱ्यात हुबी हाय,’’ असे म्हणे. छाया चिडली, कोणाला टाकून बोलली की माझी बायको नापसंती दाखवी. आत्या म्हणे, ‘‘बोलूं दे की. तिला दुसरं काय हाय?’’ छायेवर संशय आला की ती रागावण्याऐवजी खुश होई. मला त्याचे हसू येई. आज समजते, खिजगणतीत नसलेल्या बाईविषयी कोणाला तरी भीती वाटते आहे, हेच तिला सुखावत होते.

त्याच वर्षी आमच्या जमिनीचा एक तुकडा विकण्याचे घाटत होते. पुणे–सातारा रस्त्यालगतच्या जमिनींचे भाव चढत गेले आणि त्याची ऊब आतल्या खोऱ्यांपर्यंत पोहोचली. आजोबा मृत्युपत्र न करता वारले होते. सात-बारावर वडिलांच्या आणि चुलत्यांच्या नावाबरोबर आत्याचेही नाव होते. घेणाऱ्याने ते दाखवून दिले. इतकी वर्षे ते नाव तिथे होते आणि आमच्यापैकी कोणीही ते वाचले नव्हते. हक्कसोडपत्र करून घ्यावे असे ठरले. आमच्या भागात यात वावगे काही मानत नाहीत. बहिणीने सही करावी, भावाने साडीचोळी करावी, माहेर तुटू नये म्हणून वाटा सोडावा, ही रीत. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींच्या हक्कासाठी कायदे दुरुस्त केले. रीत मात्र दुरुस्त झाली नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तिला नोंदणीच्या कार्यालयात नेले. दस्त करून देणाऱ्याची ओळख पटवणारी दोन माणसे लागतात. त्यांतला एक मी होतो. आपण या व्यक्तीला व्यक्तिशः ओळखतो, अशा मजकुराखाली मी सही केली. दस्तात ‘स्वखुशीने’ आणि ‘विनामोबदला’ हे शब्द होते. यंत्रावर अंगठा ठेवण्यापूर्वी आत्याने माझ्याकडे पाहून विचारले, ‘‘सही केल्यावर मी घरचीच ऱ्हाते ना रं?’’ मी म्हणालो, ‘‘आत्या, हे फक्त कागदापुरतं आहे.’’ शब्द, संहिता आणि वास्तव यांच्या संबंधावर ज्याने प्रबंध लिहिला आहे असा माणूस हे बोलला. कागदापुरते असे काही नसते, हे मी वर्गात दर वर्षी शिकवतो.

त्याच आठवड्यात, शनिवारी, २२ ऑक्टोबर २०१६ रोजी मालिकेचे पहिले पर्व संपले. शेवटचा भाग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. नीलिमेवरून वाद झाला, बायकोने शेवट पटला नाही असे सांगितले, मी तोदोरोव्ह काढला. सगळे उठल्यावर आत्या तशीच बसून होती. तिने विचारले, ‘‘निकाल लागला म्हन्ता. मग छायेचं काय झालं?’’

मी हसून सांगितले की ती काही मुख्य नव्हती, ते गौण पात्र आहे.

‘‘गौण म्हंजी?’’

‘‘कमी महत्त्वाचं.’’

‘‘कुनाला कमी?’’ आत्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता अंथरूण घालायला उठली.

५

नाइट्स चुकला असे मला म्हणावयाचे नाही. पात्र हे रचनाच असते. परंतु लेडी मॅक्बेथच्या मुलांची संख्या विचारणारा विद्वान आणि छायेचे काय झाले असे विचारणारी आत्या यांच्यात फरक आहे, तो मी त्या वेळी ओळखला नाही. विद्वानाचे कुतूहल संहितेबाहेरचे होते. आत्याचा प्रश्न संहितेच्या आतलाच होता. ज्या पात्राकडे तुम्ही इतके महिने पाहायला लावलेत त्याच्याकडे पाहणे तुम्ही कोणत्या क्षणी आणि कोणत्या अधिकाराने थांबवलेत, असा तो होता. हा रचनेविषयीचा प्रश्न आहे. समीक्षकाने विचारावयाचा हाच प्रश्न आहे. समीक्षेच्या ज्या शिस्तीत मी वाढलो तिने मला पात्राला माणूस समजण्याची चूक टाळायला शिकवले, आणि ते योग्यच होते. माणसाला पात्र समजण्याची चूक टाळायला मात्र तिने शिकवले नाही.

दुसरे पर्व १४ जानेवारी २०१९ रोजी सुरू झाले. त्यात कथा मागे गेली. अण्णा जिवंत, तरणेताठे; शेवंता घरासमोर उभी. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांनी असा ताबा घेतला की लोक मालिकेला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. गाडीतला वाद पुन्हा पेटला. विज्ञानाची ती विद्यार्थिनी आता नोकरीला लागली होती आणि शेवंतेच्या बाजूने उभी होती. तिच्या मते, वाईट म्हणून दाखवलेल्या बाईला निदान इच्छा तरी दिली आहे, चांगल्या माईला फक्त सोसणे. कुडाळच्या बाई उलट म्हणत की शकुंतला नरे यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते लेखकाने लिहिलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. गौण ठेवलेल्या पात्राला नट परस्पर मोठे करतो. दोघींचेही बरोबर होते. मला दिसले ते एवढेच की या पर्वात साशंकता उरली नव्हती. गुन्हेगार कोण हे पहिल्याच दिवशी ठाऊक होते. संशय गेला आणि त्याबरोबर सगळ्यांना मिळालेली ती समान वागणूकही गेली. आता एक अत्याचारी आणि त्याचे बळी, एवढेच नाते उरले.

टाळेबंदीमुळे २०२० साली चित्रीकरण थांबले, मालिका खंडित झाली, पुन्हा सुरू झाली आणि २९ ऑगस्ट २०२० रोजी संपली. त्याच महिन्यात ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात मुलीचा वडिलोपार्जित संपत्तीतील हक्क जन्मतःच असतो, कायदादुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय दिला. वर्तमानपत्र वाचून चुलते म्हणाले, ‘‘आपलं काम आधीच झालं ते बरं.’’ आत्या तिथेच बसलेली होती. तिला दिसणे कमी झाले होते, ऐकू नीट येत होते. मी काही बोललो नाही.

मार्च २०२१ मध्ये तिसरे पर्व लागले, त्यात अण्णा आणि शेवंता दोघेही भूत होऊन वाड्यात परतले. ते चालू असतानाच, त्या वर्षीच्या हिवाळ्यात आत्या गेली. दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेपर्यंत बसावे लागेल, काही राहिले असेल तर बोलून दाखवावे लागेल, या तयारीने सगळे आले होते. मीही मनात काही वाक्ये जुळवली होती. परंतु पिंड ठेवताच कावळा शिवला. सगळ्यांना हायसे वाटले. ‘‘बाईची कसलीच इच्छा राहिली नव्हती,’’ असे चुलते म्हणाले आणि इतरांनी माना डोलावल्या.

आपल्याकडच्या समजुतीप्रमाणे भूत म्हणजे ज्याचे काही राहून गेले आहे ते. जिवंतपणी ज्याची दखल घेतली गेली नाही त्याने मेल्यावर ती घ्यायला लावावी, असा एक न्याय या कल्पनेत आहे. खानोलकरांच्या कादंबऱ्यांतील अद्भुतावर प्रबंध लिहिताना मी हे मान्य करून चाललो होतो. मालिकेने मात्र वेगळेच दाखवले. तिथे भूत होण्याचा मान अण्णांना मिळाला, ज्यांनी आयुष्यभर हवे ते घेतले. आणि शेवंतेला मिळाला, जी अण्णांच्या कथेची अर्धी स्वामिनी होती. मेल्यानंतरही आधिकारिक ते आधिकारिकच राहिले. ज्यांचे खरोखर राहून गेले ती माणसे स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती आणि येणाऱ्या भुतांना घाबरत होती. झपाटण्यासाठीही कथेत जागा असावी लागते.

म्हणून चुलत्यांनी त्या दिवशी नदीकाठी केलेला अर्थ मला मान्य करता येत नाही. कावळा लगेच शिवला याचा अर्थ इच्छा राहिली नव्हती असा होतो, तसाच कोणी विचारील अशी अपेक्षा राहिली नव्हती असाही होतो. संहितेत दोन्ही वाचने संभवतात आणि निर्णय करायला आता पुरावा नाही. विकलेल्या तुकड्याच्या पैशांतून माझ्या वाट्याला जे आले त्यात भोरच्या घराची वरची खोली झाली. हे लेखन मी तिथेच बसून करीत आहे. हक्कसोडपत्राची प्रत कपाटात आहे. तिच्या शेवटच्या पानावर आत्याचे छायाचित्र आहे आणि खाली मी तिला ओळखत असल्याची माझी सही.